शहामृगांच्या गावचे आमचे सोयरे

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या मालिकेत भिक्खूंनी आणि विद्वानांनी बोलावे अशी आपली पद्धत आहे. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आणि शिक्षण बी. ए. पर्यंतचे. तरीही कार्यकारिणीने आग्रह धरला की, आफ्रिकेत जाऊन आलात, चार शब्द सांगा. हा आग्रह नुसत्या प्रवासवर्णनासाठी नाही, हे आम्ही जाणतो. आमच्या धाकट्या बंधूंनी दक्षिण आफ्रिकेतील मुलीशी विवाह ठरविल्यापासून आपल्या वस्तीत जी कुजबुज चालू आहे, ती आमच्या कानावर आहेच. "समाजात मुली नव्हत्या काय?" असे कोणी तोंडावर विचारले, कोणी पाठीमागे. तेव्हा शहामृगांविषयी बोलू आणि त्या प्रश्नाविषयीही बोलू. दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या, त्यामुळे वेगळ्या काढताही येत नाहीत.

बंधू केपटाऊन शहरात एका संगणक कंपनीत नोकरीला आहेत. मुलगी तेथेच इस्पितळात परिचारिका आहे. तिचे आईवडील राहतात आउट्सहूर्न नावाच्या गावी, केपटाऊनपासून सव्वाचारशे किलोमीटरवर. बंधूंनी फोनवरून सर्व कळविले तेव्हा आमच्या मातोश्रींनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "मले पोरगी पाहू दे, तिचे मायबाप पाहू दे, मंग सांगीन," एवढेच त्या म्हणाल्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, कामठीच्या बाहेर लांबचा प्रवास म्हणजे मुंबईची चैत्यभूमी. पण हट्ट धरला तो धरलाच. मग गेल्या डिसेंबरात आम्ही, आमच्या सहचारिणी आणि मातोश्री असे तिघे निघालो.

एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी ग्राह्य नसे, तसे त्यावर छापलेलेच असे. भारताने 1946 सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता. आमच्या पासपोर्टवर मात्र त्या देशाचा शिक्का पडला आणि अधिकाऱ्याने मातोश्रींना हसून नमस्कार केला. मातोश्रींनी उत्तरादाखल जयभीम घातला.

केपटाऊनहून मोटारीने निघालो. वॉर्सेस्टर, रॉबर्टसन, माँटेग्यू, बॅरीडेल, लेडीस्मिथ, कॅलिट्झडॉर्प अशी गावे मागे टाकीत दुपारी पोहोचलो. आधी द्राक्षांचे मळे, मग डोंगरातील घाट, मग उघडा माळ. त्या भागाला क्लाइन कारू म्हणजे छोटा कारू म्हणतात. उत्तरेला श्वार्टबर्ग, म्हणजे काळा पर्वत, आणि दक्षिणेला लांगेबर्ग व औटेनिक्वा यांच्या रांगा. मध्ये कोरडी, तांबूस जमीन, खुरटी झुडपे आणि नागपूरच्या मे महिन्याची आठवण करून देणारे ऊन. डिसेंबर हा तिकडे उन्हाळा. नदीकाठी पाणी आहे तेथे हिरवेगार लसूणघासाचे तुकडे दिसतात आणि त्या हिरव्यात काळे-करडे ठिपके हलताना दिसतात. तीच शहामृगे.

व्याही स्वतः शहामृगांच्या मळ्यावर तीस वर्षांहून अधिक काळ मजूर म्हणून राबले. आता निवृत्त आहेत, पण मालकाने ओळखीवर आत जाऊ दिले. म्हणून आम्ही मळा पाहिला तो पर्यटकांच्या गाडीतून नव्हे, तर ज्याने आयुष्यभर त्या पाखरांची विष्ठा काढली त्या माणसाच्या मागे चालून. आल्यापासून जो तो विचारतो, शहामृगावर बसलात का? नाही. पूर्वी बसवीत असत. आम्ही गेलो तेथे आता बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पाखरू अंगाने अवाढव्य असते. नर आठ-नऊ फूट उंच, वजन शंभर ते दीडशे किलो. पायाला दोनच बोटे, पण ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत धावते आणि लाथ मारते ती पुढच्या बाजूला. डोळा सुमारे पाच सेंटिमीटरचा, जमिनीवरच्या कुठल्याही प्राण्यापेक्षा मोठा. व्याह्यांच्या हातात काटेरी झुडपाची लांब फांदी होती. नर अंगावर आला की ती फांदी उंच धरायची. डोळ्यांना जपण्यासाठी तो मागे सरतो. दुसऱ्या हातात आकड्याची काठी, मान धरण्यासाठी. मान धरून डोक्यावर मोज्यासारखी कापडी टोपी चढविली की अंधार होतो आणि एवढा दांडगा प्राणी गरीब गाईसारखा उभा राहतो. मग त्याची पिसे घेतात. पंखांची पिसे उपटीत नाहीत, देठ ठेवून कापतात. खालचा खुंट वाळला की दोनेक महिन्यांनी तो काढून घेतात. ओला देठ ओढला तर पाखराला इजा होते आणि पुढचे पीसही बिघडते.

शहामृग वाळूत डोके खुपसते ही आपल्या वक्त्यांची आवडती उपमा. सत्ताधारी असोत की आपले समाजबांधव, सर्वांना आपण शहामृग म्हणून झालो आहोत. व्याह्यांना ते सांगितले तेव्हा ते खूप हसले. तीस वर्षांत त्यांनी एकाही पाखराला तसे करताना पाहिलेले नाही. ते अंडी फिरविण्यासाठी मान खड्ड्यात घालते, धोका दिसला तर मान जमिनीला लावून निजते. दुरून पाहणाऱ्याला डोके नाहीसे झाल्यासारखे वाटते. अंडी उबविण्याचे काम नर आणि मादी वाटून घेतात. मादी करडी, म्हणून ती दिवसा बसते. नर काळा, म्हणून तो रात्री. बेचाळीस दिवस हे चालते. आमच्या सहचारिणींनी हे ऐकून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती येथे सांगण्याची गरज नाही.

अंडे साधारण दीड किलोचे. कोंबडीच्या दोन डझन अंड्यांइतके. मातोश्रींनी ते दोन्ही हातांत धरले आणि म्हणाल्या, "यवढ्यात तं अख्खी गल्ली जेवंल." आता एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. हे अंडे आपल्याला परके नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे सापडले आहेत. त्यांपैकी एकावर माणसाने कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याच डोंगररांगेत आपली पितळखोऱ्याची लेणी आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही ही पाखरे पाहिली होती, त्यांची अंडी खाल्ली होती आणि कवचावर नक्षी काढली होती. जातीचा तेव्हा पत्ताही नव्हता.

या गावाची कहाणी ऐकताना बँकेत काम करणाऱ्या माणसाला घाम फुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर शहामृगाची पिसे आली. आधी लोक शिकार करून पिसे मिळवीत. पुढे 1860 च्या दशकात अंडी उबविण्याचे यंत्र निघाले, तारेचे कुंपण आले, लसूणघासाची लागवड झाली आणि पाखरे मळ्यात वाढू लागली. लिथुआनियातून आलेले ज्यू व्यापारी पिसांच्या धंद्यात उतरले. त्यांची वस्ती एवढी वाढली की गावाला आफ्रिकेचे जेरुसलेम म्हणत. 1913 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोने, हिरे आणि लोकर यांच्याखालोखाल पिसांचा क्रमांक होता. देशात साडेसात लाखांहून अधिक पाळीव शहामृगे होती. मालकांनी वालुकाश्माचे वाडे बांधले. त्यांना पिसांचे महाल म्हणतात. मनोरे, रंगीत काचा, परदेशी फरशा. आजही ते उभे आहेत.

आणि 1914 साली सारे कोसळले. उघड्या मोटारगाड्या आल्या, त्यांत पिसांची मोठी टोपी टिकेना. त्यातच महायुद्ध सुरू झाले. ज्यांनी पाखरे तारण ठेवून जमिनी घेतल्या होत्या आणि जमिनी तारण ठेवून पाखरे घेतली होती, ते दोन्हींकडून बुडाले. चढत्या भावाच्या मालावर कर्ज देताना शहाणी माणसेही कशी आंधळी होतात, हे शिकविण्यासाठी आउट्सहूर्नपेक्षा चांगला धडा आम्हाला माहीत नाही. पण आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. माहिती देणारा माणूस मालकांच्या दिवाळखोरीवर भरभरून बोलला. मजुरांचे काय झाले, असे आम्ही विचारले. तो थांबला. तेव्हा व्याही आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मजुरांकडे बुडण्यासारखे काही नव्हतेच. माझे आजोबा आदल्या दिवशी उपाशी होते, दुसऱ्या दिवशीही उपाशी होते." धंदा पुढे मांस, कातडे आणि पिसांचे झाडू यांवर पुन्हा उभा राहिला. 2011 साली बर्ड फ्लूने हजारो पाखरे मारावी लागली, युरोपात जाणारे कच्चे मांस थांबले, तेव्हाही पहिला फटका मजुरांनाच बसला. व्याह्यांचे काम त्या वेळी आठ महिने बंद होते.

मळ्यावरून घरी गेलो. गावाच्या कडेला ब्रिजटन म्हणून वस्ती आहे. गोऱ्यांच्या राज्यात 1950 च्या कायद्याने प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारदरबारी नोंद झाली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणत्या वंशाने कोठे राहायचे ते ठरले. ब्रिजटन ही 'कलर्ड' ठरविलेल्यांची वस्ती. काळ्या आफ्रिकनांची बोंगोलेतू वेगळी. कलर्ड म्हणजे मिश्र वंशाचे. खोई आणि सान हे मूळ रहिवासी, डच वसाहतवाले आणि गुलाम म्हणून आणलेले लोक, या सर्वांचे रक्त त्यांच्यात आहे. गावकुसाबाहेरचा महारवाडा ज्यांनी पाहिला त्यांना ती वस्ती समजावून सांगावी लागत नाही. मधल्या मोकळ्या जागेसकट सर्व ओळखीचे. महाल त्या बाजूला आणि महाल झाडणारे या बाजूला.

व्याह्यांचे आडनाव एका इंग्रजी महिन्याचे आहे. आम्हाला आधी गंमत वाटली. मग मुलीने कारण सांगितले. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 साली केपला ठाणे वसविले आणि पुढे गुलाम आणले. ते मादागास्कर आणि मोझांबिकहून आणले, इंडोनेशियाच्या बेटांवरून आणले, आणि मित्रहो, आपल्या बंगालहून, मलबारहून, कोरोमंडल किनाऱ्यावरूनही आणले. माणसाचे खरे नाव मालकाला उच्चारता येत नसे, किंवा उच्चारायची इच्छा नसे. तेव्हा ज्या महिन्यात विकत घेतला त्या महिन्याचे नाव त्याला दिले जाई. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर ही आडनावे तिकडे आजही आहेत. कागदोपत्री गुलामगिरी 1834 साली संपली. वर चार वर्षे उमेदवारीच्या नावाखाली राबवून घेतले आणि 1 डिसेंबर 1838 रोजी माणसे मोकळी झाली. आडनावे तशीच राहिली.

मातोश्रींना बंधूंनी हे मराठीत सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. आपल्याकडेही कचरू, धोंडू, दगडू अशी नावे कशी ठेवावी लागत आणि चांगले नाव ठेवले तर गावचा पाटील काय म्हणे, हे आपल्या सर्व ज्येष्ठांना ठाऊक आहे. मग त्यांनी मुलीच्या आईचा हात हातात घेतला आणि त्या बाईंची बोटे न्याहाळू लागल्या.

विहीणबाई पिसांच्या वखारीत प्रतवारीचे काम करीत. नराच्या पंखाचे पांढरेशुभ्र पीस सर्वांत महाग. मादीचे करडट, ते वेगळे. काळी वेगळी, शेपटीची वेगळी. लांबी, रुंदी, चमक, मऊपणा पाहून ढीग करायचे. दिवसभर बोटे चालवायची आणि नाकात बारीक धूळ घ्यायची. आमच्या मातोश्रींनी कामठीत पस्तीस वर्षे बिड्या वळल्या. मांडीवर सूप, भिजविलेला तेंदूपत्ता, फर्मा, जर्दा, सूत. हजाराच्या हिशेबाने मजुरी, आणि कारखानदाराचा माणूस छाट काढून टाकी तिची मजुरी नाही. त्याच कामठीत बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना एकत्र केले, आणि जयभीम हा शब्दही आपल्याला त्यांनीच दिला. मातोश्रींनी हवेत बोटे चालवून बिडी कशी वळतात ते दाखविले. विहीणबाईंनी ताटलीतला कागद उचलून पीस कसे पारखतात ते दाखविले. एकीला मराठीखेरीज काही येत नाही, दुसरीला आफ्रिकान्सखेरीज फारसे नाही. अर्धा तास दोघींचे चालले होते. आम्ही इंग्रजी येणारी मंडळी गप्प बसलो होतो.

जेवण साधे होते: भात, शहामृगाच्या मांसाचा रस्सा, उकडलेला भोपळा आणि लोणचे. लोणच्याला ते 'आचार' म्हणतात! मलायी गुलामांबरोबर तो शब्द तेथे पोहोचला असावा असे मुलगी म्हणाली. मातोश्री त्या एका शब्दाने इतक्या खूश झाल्या की अर्धी बरणी त्यांनीच संपविली. मांस चवीला कोंबडीसारखे नसते, लाल असते आणि त्यात चरबी फारच थोडी.

आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. जेवणानंतर मात्र उलटेच घडले. व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि धाकट्या बंधूंना म्हणाले, माझा प्रश्न तुझ्या आईला नीट सांग. प्रश्न असा होता: "तुमच्या देशात माणसांना वरखाली लावतात असे मी ऐकले आहे. आमची मुलगी तुमच्या घरी आली तर तिला कोणत्या पायरीवर ठेवणार? माझ्या वडिलांना एका सरकारी माणसाने कलर्ड लिहिले आणि त्यांच्या सख्ख्या भावाला गोरा लिहिले. माझे काका त्या दिवसापासून आमच्या घरी आले नाहीत. आणखी एखाद्या यादीत मला माझी मुलगी घालायची नाही."

खोलीत कोणी बोलेना. बंधूंनी भाषांतर करताना शब्द सौम्य करण्याचा प्रयत्न केला, तो मातोश्रींच्या लक्षात आला. "जसं बोलले तसं सांग," त्या म्हणाल्या. पुरते ऐकल्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते आम्ही जसेच्या तसे सांगतो. "त्यायले सांग, आमालेच कोनी पायरीवर उभं राहू देत नव्हतं. विहिरीच्या पायरीवर नाही, देवळाच्या पायरीवर नाही. मी लहान होतो तं ओंजळीनं पानी पेलो, वरून वतत होते. बाबासायबानं ती पायरीच फोडून टाकली. मायाजवळ पायरी हायेच कुठं, तुमच्या पोरीले ठेवाले?"

व्याह्यांनी ते मुलीकडून आफ्रिकान्समध्ये ऐकले. मग त्यांनी आपले सांगितले: पोस्टाची वेगळी खिडकी, बागेतला वेगळा बाक, आणि चर्च. ही मंडळी ख्रिस्ती आहेत. त्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने 1857 साली ठराव केला की, काहींच्या दुर्बलतेमुळे काळ्या आणि गोऱ्या भाविकांनी वेगवेगळी प्रार्थना करावयास हरकत नाही. दुर्बलता कोणाची, तर शेजारी बसवून न घेणाऱ्यांची! 1881 साली तर कलर्डांसाठी स्वतंत्र मिशन चर्चच काढले. एकच देव, एकच ग्रंथ, दोन दारे. काळाराम मंदिराच्या दारात 1930 साली उभे राहिलेल्या समाजाला हे ऐकून नवल वाटले नाही, पण वाईट वाटले.

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांसाठी. 1949 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने गोरे आणि इतर यांच्यातील विवाहाला बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम असलेले संविधान स्वीकारले. त्यांचा तो कायदा 1985 साली रद्द झाला. आपल्याकडे आंतरजातीय विवाहाला कायद्याची बंदी नाही, 1954 चा विशेष विवाह कायदा तर मदतीला आहे; तरीही मुलेमुली मारली जातात. बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला होता. सहभोजने पुरेशी नाहीत, रक्त मिसळले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण ते पुस्तक दर जयंतीला वाटतो.

आता दीक्षेचा प्रश्न. तो आपल्या मंडळातील ज्येष्ठांनी विचारला आहे आणि विचारणे रास्त आहे. मुलगी दीक्षा घेणार काय? मातोश्रींनीही त्या रात्री तो विचारला होता. बंधूंजवळ बावीस प्रतिज्ञांचा इंग्रजी अनुवाद होता. मुलीने तो सर्वांसमोर वाचला, वडिलांना आफ्रिकान्समध्ये सांगत सांगत. पहिल्या काही प्रतिज्ञा वाचून ती म्हणाली, "हे देव मी कधी मानलेच नाहीत, म्हणजे इतक्या तर माझ्या आधीच पाळून झाल्या." सर्व हसले. पण दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा आली तेव्हा व्याह्यांनी तिला थांबविले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली. मग त्यांनी डॉपची गोष्ट सांगितली. केपच्या मळ्यांवर मजुरीचा काही भाग हलक्या दारूच्या रूपाने देत. सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. कायद्याने बंदी आल्यावरही बरीच वर्षे हे चालले. त्यांचे वडील त्यातच गेले. व्याह्यांनी स्वतः आयुष्यात थेंब घेतलेला नाही. "हे लिहिणारा माणूस मजुरांना ओळखत होता," ते म्हणाले. आम्ही बाबासाहेबांविषयी मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. हे वाक्य त्या सर्वांच्या वर ठेवावे असे आम्हाला वाटते.

मुलीने दीक्षेविषयी सांगितले की, ती वाचेल, विचार करील आणि मग ठरवील. आम्हाला ते पटले. येऊन पाहा असे सांगणारा हा धम्म आहे. लग्नाच्या घाईत उरकून घेण्याची ती बाब नव्हे. मातोश्रींनी केपटाऊनला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी होकार दिला. तोही सरळ नाही. "तिच्या मायनं मले पदराले बांधाले पिसं देल्ली, म्या तिले काय देऊ?" असे विचारले, त्यावरून आम्ही समजलो. एप्रिलमध्ये केपटाऊनला विवाहाची नोंदणी झाली.

राहिला तो प्रश्न: समाजात मुली नव्हत्या काय? मित्रहो, हा प्रश्न खोटा नाही. आपल्या मुली शिकल्या, आणि नोकरीला लागलेले काही मुलगे बाहेर पाहू लागले, ही तक्रार खरी आहे. एखाद्या मुलाला पदव्या मिळाल्या की आपल्या वस्तीतील मुलगी गावंढळ वाटते, अशी उदाहरणे आम्हीही पाहिली आहेत. तसे वागणाऱ्याने बाबासाहेबांचे नाव पुढे करू नये. पण या तक्रारीची दुसरी बाजू आपल्याच वधूवर मेळाव्याच्या नोंदवहीत आहे. ती नोंदवही लिहिण्याचे काम तीन वर्षे आमच्याकडे होते. धर्म बौद्ध, असे लिहून झाल्यावर पालक हळूच विचारतात: बावणे की लाडवण? मुलगी 'गोरी' हवी असे दर दहांतले सात जण लिहितात. सावळ्या, शिकलेल्या मुलींचे अर्ज वर्षानुवर्षे त्याच पानांवर राहतात. त्या मुलींचे लग्न आमच्या बंधूंमुळे अडलेले नाही. आमची कार्यकारिणीला लेखी सूचना आहे की, पुढील मेळाव्यापासून रंगाचा आणि पोटजातीचा रकाना अर्जातून काढावा, आणि आंतरजातीय विवाहास तयार असलेल्या मुलामुलींची, विशेषतः मुलींची, वेगळी नोंद ठेवावी. बाहेर जाण्याची मोकळीक मुलाला आणि समाज सांभाळण्याचे ओझे मुलीवर, हे चालणार नाही. सूचनेवर चर्चा व्हावी, विरोध असल्यास तोही उघड व्हावा.

व्याही आणि विहीणबाई येत्या डिसेंबरात कामठीला येत आहेत. विहारात छोटासा मंगल परिणय करण्याचा विचार आहे. त्रिशरण-पंचशील होईल, आणि व्याह्यांना त्यांच्या भाषेत एक प्रार्थना म्हणावयाची आहे, तीही होईल. दीक्षाभूमी पाहण्याची त्यांची इच्छा आहे. विहीणबाईंना बिडीचे सूप आणि फर्मा प्रत्यक्ष पाहावयाचा आहे. मातोश्रींनी माळ्यावरून सूप काढून ठेवले आहे, फर्म्याला गंज चढला आहे, कोणाकडे चांगला असल्यास कळवावे. ज्यांना भेटावयाचे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी यावे. इंग्रजी बोलू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने दोन-दोन तास यावे, म्हणजे बोलण्याची सोय होईल. आणि जेवायला बोलावणाऱ्यांसाठी एक सूचना, विहीणबाईंना आपले तिखट चालत नाही. लोणचे मात्र चालते.

जयभीम.